वजा करायचा अंधार

१

रघुवीर सामंतांना फोटोत आधी डाग दिसतो, मग फोटो. एकतीस वर्षं लोअर परळच्या, छपाईसाठी फोटो तयार करणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये त्यांनी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचे डाग काढले. नवरीच्या गालावरची पुटकुळी, कॅलेंडरवरच्या गणपतीच्या सोंडेवर बसलेला धुळीचा कण, साबणाच्या जाहिरातीतल्या बाईच्या मानेवरची सुरकुती. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, दोषाभोवती लाल पेन्सिलीनं रेघ मारायची आणि शेजारी काय करायचं ते लिहायचं. पुढे प्रोसेस हाऊस बंद पडलं, त्या जागी काचेची इमारत उभी राहिली, पण लाल पेन्सिल काही सामंतांच्या हातातून सुटली नाही.

निवृत्तीनंतर ती आकाशाकडे वळली. दादरला 'दीर्घिका' नावाचा हौशी लोकांचा ग्रुप आहे. तेवीस माणसं, त्यांच्यात मिळून एक थंड होणारा कॅमेरा. अमावास्येच्या आसपास ही मंडळी शहापूरच्या पुढच्या माळावर जातात, दुर्बिणीला कॅमेरा लावून दीर्घिकांचे फोटो काढतात आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, ते सामंतांपुढे ठेवून मान खाली घालतात. मोबाईलवर दाखवलेला फोटो सामंत फोटो धरत नाहीत. कडा न कापलेली प्रिंट लागते. प्रिंटवर ट्रेसिंग, ट्रेसिंगवर लाल रेघा.

"देवयानी दीर्घिकेचा उजेड पंचवीस लाख वर्षं चालून तुझ्यापर्यंत आला," ते स्वप्नीलला एकदा म्हणाले होते, "आणि तू त्याला फालुद्याचा रंग दिलास."

चिंचपोकळीचा स्वप्नील तेव्हा हसला होता. सगळेच हसतात. पण घरी जाऊन रंग दुरुस्त करतात, कारण सामंतांचं सहसा चुकत नाही.

नोव्हेंबरच्या शनिवारी प्राचीनं तिची देवयानी समोर ठेवली, तेव्हा मात्र सगळे खुर्च्या सोडून टेबलापाशी आले. प्राची नायगावच्या पोलीस क्वार्टर्समधली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची पोरगी. तीन रात्री, एकूण नऊ तासांचा उजेड तिनं गोळा केला होता. धुळीचे पट्टे धाग्यासारखे सुटे दिसत होते. सामंतांनी पेन्सिल उचलली आणि सवयीनं त्यांची नजर थेट तिथे गेली. दीर्घिकेच्या गाभ्याच्या जरा वर एक काळसर पोकळी होती. बोटानं उजेड पुसून घ्यावा तशी.

"हे काय?"

"माहीत नाही सर. जातच नाहीये."

"सेन्सरवर धूळ आहे. पांढऱ्या पडद्याचे फोटो नीट घेतले नाहीस. ते नीट घेतले की धूळ कुठे बसलीय ते कळतं."

"तीनदा घेतले सर. धूळ नाहीये."

"धूळ नाही असं धूळ असलेला प्रत्येक जण म्हणतो." सामंतांनी पोकळीभोवती लाल रेघ ओढली. रेघ लांबट, खाली निमुळती झाली. शेजारी लिहिलं : 'पुन्हा'.

दोन आठवड्यांनी होणाऱ्या प्रदर्शनात प्राचीचा फोटो मधल्या भिंतीवर लागायचा होता.

२

सामंतांचं घर गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, कागद आणि सामंत. आतल्या खोलीत ललिता आणि एसी.

ललिता टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. माणूस ती आवाजावरून ओळखायची, चेहरे तिच्या लक्षातच राहत नसत. सामंतांशी तिची पहिली ओळखसुद्धा प्रोसेस हाऊसच्या फोनवरून झाली होती. अडीच वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं तिची डावी बाजू गेली. बोलणं सहा महिन्यांनी परत आलं, स्मरणशक्ती मात्र येऊनजाऊन असते. तेव्हापासून सामंत तिचं करतात. कूस बदलणं, पावडर लावणं, भरवणं, पुसणं. पहिलं वर्ष त्यांनी निष्ठेनं केलं, दुसरं जिद्दीनं, आणि आता नुसतं करतात. हल्ली सकाळी तिच्या तोंडातून पेज ओघळली की ते चिडतात. मग चिडल्याची लाज वाटते, आणि लाज वाटण्याचाही कंटाळा येतो.

मदतीला कमलाबाई लालबागहून सकाळी आठला येतात आणि दीडला जातात. दोन वाजता सामंत ललिताच्या उजव्या हाताशी घंटी ठेवतात, समोरच्या बिऱ्हाडात चावी देतात आणि 'औषधं आणतो' म्हणून बाहेर पडतात. औषधांना दहा मिनिटं लागतात. उरलेला वेळ ते गिरगावातल्याच एका वाचनालयात टेबलावर डोकं टेकून झोपतात. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही.

निघताना, दोनअडीच महिन्यांतून एखाद्या दुपारी, ते ग्रुपचं एक काम लावून जातात. कॅमेऱ्याला पूर्ण अंधारातही काहीबाही दिसतं, स्वतःच्याच अंगातली ऊब, गळके ठिपके. म्हणून त्याच्या तोंडावर झाकण लावून मुद्दाम अंधाराचे फोटो काढायचे आणि तो अंधार खऱ्या फोटोतून वजा करायचा. या फोटोंना सगळे 'डार्क' म्हणतात. कॅमेरा उणे दहापर्यंत थंड व्हायचा तर खोलीही थंड हवी, आणि ग्रुपमध्ये दुपारभर एसी चालणारी खोली एकच, ललिताची. आतल्या कपाटावर टॉवेलाची गुंडाळी, तीत पलंगाकडे तोंड करून झाकण लावलेला कॅमेरा, पाच मिनिटांचा एक असे छत्तीस डार्क. दोन ते पाच. त्यांचा मिळून एक साचा करून सामंत ग्रुपवर पाठवतात आणि तेवीसही जण डोळे मिटून तो वापरतात.

"डार्क बघायचे नसतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. "वजा करायचे असतात."

त्या सोमवारी कमलाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "दादा, शनवारी दुपारी वहिनींना पेज भरवलात ता बरा केलात. वाटीभर गेली म्हणे. माझ्याकडून दोन चमचे जात नाय."

शनिवारी दुपारी सामंत दादरला होते. ते तसं म्हणणार होते, पण ओट्यावर वाटी खरोखरच धुऊन पालथी घातलेली त्यांनी पाहिली होती. आपणच धुतली असेल. साठी उलटली की सकाळचं दुपारी आठवतं आणि दुपारचं कधीच आठवत नाही.

३

पुढच्या रविवारी सकाळी प्राची हार्ड डिस्क घेऊन घरीच आली. "सर, तुमच्या समोर करू. माझी चूक असेल तर दाखवा, मी पुन्हा तीन रात्री जाते."

आतून ललितानं विचारलं, "कोण आलंय?"

"ग्रुपमधली मुलगी आहे."

"आवाज चांगला आहे," ललिता म्हणाली.

दोघं कॉम्प्युटरपुढे बसली. सामंत एकेक गोष्ट काढत गेले. पांढरे फोटो काढून टाकले, पोकळी तशीच. रंगाची दुरुस्ती काढली, तशीच. खराब वाटणाऱ्या फ्रेम एकेक करून बाहेर काढल्या, तरी गाभ्याच्या वर ती बसलेलीच. दीड तास गेला. शेवटी राहिले होते फक्त डार्क.

"ते कशाला काढताय? ते तुमचेच आहेत," प्राची म्हणाली. "ऑक्टोबरचे."

सामंतांनी ते काढले. फोटो खरखरीत झाला, लालहिरव्या ठिपक्यांनी भरला, पण पोकळी गेली. देवयानी अखंड दिसू लागली.

प्राची चांगल्या घरची मुलगी होती, तिनं नुसता पडद्यावरचा गाभा मोठा करून घेतला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपलं मुसळ, ही म्हण सामंतांना आपसूक आठवली.

"म्हणजे डार्कमध्ये तिथे उजेड आहे," ती हळूच म्हणाली. "तो वजा झाला की माझ्या फोटोत भोक पडतं."

"झाकणातून उजेड गळला असेल."

"पण सर, गळला तर एका कोपऱ्यातून धुरकट येतो ना? त्याला आकार कसा येईल? आकार यायला भिंग लागतं. तुम्हीच शिकवलंत."

ते खरं होतं. कपाटावर कॅमेऱ्याला भिंग नसतं, नुसतं झाकण असतं. सामंतांनी चष्मा काढून पुसला. "नवीन डार्क काढून देतो," ते म्हणाले. "प्रदर्शनाच्या आत देतो. तुझा फोटो चांगला आहे, प्राची."

अडीच वर्षांत त्यांनी कुणाच्याही फोटोला चांगला म्हटलं नव्हतं. प्राची खूश व्हायच्या ऐवजी त्यांच्याकडे काळजीनं बघत राहिली.

४

ती गेल्यावर सामंतांनी ट्रेसिंगची फाईल काढली. वर्षभरातले जुने दोष. प्रत्येक कागदावर नाव, महिना, चार कोपऱ्यांच्या खुणा. आपण काय काय लिहून ठेवलंय ते सामंत वाचत गेले.

जानेवारीत स्वप्नीलची त्रिकोण दीर्घिका : वरच्या डाव्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी लाल रेघ, 'धूळ'. मार्चमध्ये एका दंतवैद्याचा फोटो : जरा मोठी, जरा आत, 'सेन्सर पुसा'. मे महिन्यात ग्रुपमधल्या राजरत्नचा : त्याहून मोठी, 'भिंगावर दव'. पावसाळ्यात आकाश बंद. मग प्राची. मधले आणखी सात कागद होते. प्रत्येकाला त्यांनी वेगळं कारण दिलं होतं आणि प्रत्येकानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं.

त्यांनी अकरा कागद महिन्यांप्रमाणे लावले, कोपरे जुळवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. बाहेर रविवारची दुपार होती, कुणाच्या तरी घरून तळलेल्या बोंबलाचा वास येत होता. उन्हात सगळ्या लाल रेघा एकदम दिसल्या. त्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत एका ओळीत होत्या. प्रत्येक डार्कच्या साच्याबरोबर एकेक पाऊल पुढे, आणि दर वेळी थोडी मोठी.

धूळ अशी चालत नाही.

भिंगातून आलेली प्रतिमा उलटी पडते, हे हाताला इतकं पाठ होतं की सामंतांनी काही विचार न करता कागदांची चळत उलटी फिरवली. वर निमुळतं, खाली रुंद. पहिली रेघ दारात उभी होती. दुसरी दारापासून दोन पावलं आत. शेवटची, प्राचीच्या कागदावरची, उभी नव्हतीच. ती बसलेली होती आणि पुढे वाकलेली होती. ती आकृती त्यांनी स्वतःच्या हातानं काढली होती आणि शेजारी 'पुन्हा' असं लिहिलं होतं.

आतून ललितानं पाणी मागितलं. सामंतांनी कागद खाली ठेवले आणि आत जाताना दारात क्षणभर थांबले. स्टूल पलंगाच्या उशाशी होतं. ते तिथे रोज संध्याकाळी असतं. कमलाबाई सरकवत असतील, असं ते इतके दिवस समजत होते.

५

सामंत देवभोळे नाहीत. भुताखेताच्या गोष्टी त्यांच्या मालवणच्या आजोळी पोत्यानं होत्या आणि त्या ऐकून त्यांना लहानपणीही झोपच यायची. तेव्हा त्यांनी रीतसर विचार केला. छत्तीस फ्रेमचा साचा करताना जे एकदोन फ्रेमपुरतं येतं ते गणितात गळून जातं. किरण येवो, ठिणगी येवो, एखादा उजेड चमकून जावो, उरत नाही. उरतं ते निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये त्याच जागी असलेलं. म्हणजे ऑक्टोबरच्या त्या दुपारी, दोन ते पाचमध्ये, ते जे काही होतं ते तिथे दीड तासाहून जास्त वेळ न हलता बसलं होतं.

हा विचार फार नीट होता आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डार्क उघडून बघितले. ऑक्टोबरचा पहिला डार्क पडद्यावर आला तो काळाच, तसाच असायला हवा. त्यांनी उजळपणा वाढवला. काळ्याचं करडं झालं, करड्यात कण कण उसळले, आणि त्या कणांच्या मागे, पावसात काचेपलीकडचं दिसावं तसं, काहीतरी आडवं दिसलं. पलंगाची कड. ललिताच्या शालीचा उंचवटा. नवव्या डार्कमध्ये स्टुलावर कुणीतरी बसलेलं होतं. चेहरा नव्हता, पाठ होती. डाव्या खांद्यावर पंचा टाकलेला होता.

सामंतांच्या डाव्या खांद्यावर या क्षणी पंचा होता. त्यांनी तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

ते पुढे बघत गेले. दहा, अकरा, बारा, तेच. अठराव्यात हात पुढे झाला होता, हातात फुलपात्र असावं. एकोणिसाव्यात ललिताचं डोकं उशीवरून थोडं उचललेलं होतं, म्हणजे कुणीतरी मानेखाली हात घातला होता. तीसपर्यंत नुसतं बसणं. एकतिसाव्यात पाठीची रेघ बदलली. वर, डोक्याच्या जागी, एका बाजूनं थोडा उजेड आला होता. ते मागे वळायला लागलं होतं, कपाटाकडे.

बत्तिसावा डार्क सामंतांनी उघडला नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, आणि बटण दाबून भागेना म्हणून भिंतीवरचा खटकाही बंद केला.

६

दुसऱ्या दिवशी, सकाळचं आटोपल्यावर, ते स्टुलावर बसले. कमलाबाई स्वयंपाकघरात होत्या, कुकरची शिट्टी होत होती. असल्या वेळी काहीही विचारता येतं.

"ललिता, दुपारी तुझ्याकडे कोण येतं?"

"कोण येणार? तुम्हीच असता."

"मी दोन ते पाच बाहेर असतो."

ललिता हसली. चेहऱ्याची एकच बाजू हसते, पण ती खरं हसली. "असता कसले बाहेर. जाता आणि लगेच परत येता."

"काय करतो मी?"

"बसता. पाणी देता. पाय चेपता." ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली. "दुपारी तुम्ही चिडत नाही. सकाळी चिडता. मी म्हटलं, सकाळी दमलेले असतात, दुपारी बरं वाटत असेल."

अडीच वर्षांत तिनं एकदाही तक्रार केली नव्हती, आणि हीसुद्धा तक्रार नव्हती. म्हणून ती जास्त लागली. त्यांनी तिच्या तोंडाशी फुलपात्र नेलं. थोडं पाणी गालावरून उशीवर सांडलं आणि त्यांच्या तोंडून नेहमीसारखा "च्च" असा आवाज निघाला.

"बघा," ललिता म्हणाली.

७

प्राचीचे रोज मेसेज येत होते. 'सर, डार्क?' बुधवारी सामंतांनी ठरवलं. कॅमेरा लावायचा, पण बाहेर जायचं नाही.

दोन वाजता त्यांनी टॉवेलाची गुंडाळी केली, झाकण दोनदा फिरवून घट्ट केलं, छत्तीसचा आकडा टाकला आणि दार आतून लावून स्टुलावर बसले. ललिता झोपलेली होती. एसीची घरघर, दर पाच मिनिटांनी कॅमेऱ्याची अगदी बारीक टकटक. तीन वाजता खाली भंगारवाला ओरडत गेला. साडेतीनला सामंतांच्या पाठीत कळ आली. ते झोपले नाहीत. डोळ्यांत तेल घालून ते दाराकडे बघत होते, आणि मधूनच पलंगाकडे, आणि एकदाच, नाइलाजानं, कपाटाकडे. काही झालं नाही. अडीच वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याजवळ सलग तीन तास बसले होते, हेही त्यांच्या लक्षात आलं.

पाच वाजता त्यांनी डार्क उघडून बघितले, छत्तीसच्या छत्तीस. स्वच्छ होते. कण, ऊब, गळके ठिपके, बाकी काही नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे साचा करून प्राचीला पाठवला. 'वापर,' त्यांनी लिहिलं. 'चूक माझी होती.' मग ते चहा टाकून आत आले. ललिता जागी झाली होती.

ती त्यांच्याकडे बघत होती. ओळखीच्या घरी भलताच माणूस बसलेला दिसावा तशी, पण सभ्यपणे.

"आज हे आले नाहीत," ती म्हणाली.

"कोण?"

"आमचे हे. दुपारी येतात. तुम्ही बसून होतात, म्हणून आले नसतील."

"ललिता, मी आहे. रघुवीर."

तिनं डोळे मिटून ऐकलं, पूर्वी हेडफोन कानाला लावून ऐकायची तसं. मग मान हलवली. "नाही," ती म्हणाली. "यांचा आवाज मला माहीत आहे."

त्यांनी पाणी पुढे केलं. तिनं ओठ मिटून घेतले.

८

गुरुवारी ती काही प्यायली नाही. शुक्रवारी कमलाबाईंच्या हातून कसेबसे चार चमचे गेले. दोन्ही दुपारी सामंत स्टुलावर बसून होते, झाकण लावलेला कॅमेरा कपाटावर तसाच ठेवून, कारण तो काढायची त्यांना भीती वाटत होती आणि चालू करायचीही. ते तिच्याशी बोलत राहिले. लग्नातल्या गोष्टी सांगितल्या, जुन्या ट्रंककॉलच्या गमती सांगितल्या. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "हे कधी येणार?"

शनिवारी सकाळी डॉक्टर येऊन गेले. जीभ कोरडी पडली होती. "मेंदूचं आहे, मधूनमधून असं होतं," ते म्हणाले. "पण पाणी गेलंच पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत नाही गेलं, तर ॲडमिट करावं लागेल. आणि या तब्येतीत..." पुढचं त्यांनी जिना उतरताना सांगितलं.

साडेबाराला प्राचीचा फोन आला. "सर, एकदम क्लीन आला. मधल्या भिंतीवर लावतायत. तुम्ही आज येताय ना?"

"नाही जमणार." सामंतांनी आतल्या कपाटावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "प्राची, यापुढे डार्क तुझे तूच घे. माझे वापरू नकोस. सगळ्यांना सांग."

"पण एसी..."

"लॅबमध्ये घे, कुठेही घे. रिकाम्या खोलीत घे. जिथे कुणी झोपलेलं नसेल."

"आणि तुम्ही?"

सामंतांनी फोन ठेवला.

दीडला कमलाबाई गेल्या. दोन वाजता सामंतांनी ऑक्टोबरच्या त्या दुपारसारखीच टॉवेलाची गुंडाळी केली. कॅमेऱ्यावर झाकण लावलं, पलंगाकडे तोंड केलं, छत्तीसचा आकडा टाकला. ओट्यावरून फुलपात्र भरून आणलं आणि स्टुलाशेजारी ठेवलं. स्टूल त्यांनी स्वतःच उशाशी सरकवलं. पंचा खांद्यावरून काढून दाराच्या खिळ्याला अडकवला, मग काय वाटलं कोण जाणे, घडी करून स्टुलावर ठेवला.

"मी औषधं आणतो," ते म्हणाले.

ललितानं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती दाराकडे बघत होती.

त्यांनी बाहेरून कुलूप लावलं. समोरच्या बिऱ्हाडात चावी मात्र दिली नाही. ते जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसले. दुपारची वेळ, सगळी दारं बंद, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. आपण हे का करतोय ते त्यांना माहीत होतं. तिला पाणी हवं होतं आणि ते त्यांच्या हातून जात नव्हतं. एवढंच असतं तर बरं झालं असतं. पण पायरीवर टेकल्याबरोबर पहिली गोष्ट त्यांना वाटली ती म्हणजे सुटका. आता पाचपर्यंत कुणी हाक मारणार नाही. ही गोष्ट ते कुणालाही सांगणार नव्हते.

आत स्टुलाचा पाय फरशीवर घासला.

मग ललिताचा आवाज आला. आजारपणाआधीचा, फोनवरचा, अडीच वर्षांत त्यांनी न ऐकलेला. "आलात?"

आणि तिला उत्तर मिळालं. दोनच शब्द असतील, दारातून नीट कळले नाहीत. आवाज मात्र सामंतांनी ओळखला. तो त्यांचाच होता, फक्त दमलेला नव्हता.

फुलपात्र खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत ते ऐकत राहिले. मग उठले, कठड्याला धरून हळूहळू जिना उतरले आणि वाचनालयाच्या दिशेनं चालू लागले.